ठोक वजावट घ्या, पण बचत सोडू नका



जानेवारी-फेब्रुवारी आला की स्टेशनात आणि टपाल कचेरीत एकच प्रश्न निघतो. विम्याच्या पावत्या गोळा करून जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरायचा, की नव्या पद्धतीतली ७५ हजारांची ठोक वजावट घ्यायची? आमचे मत स्पष्ट आहे. वर्षाचा पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल, तर पावत्या राहू द्या.

२०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर नाही. ११ लाख पगाराच्या कामगाराने जुन्या पद्धतीतली ५० हजारांची वजावट आणि बचतीची पूर्ण दीड लाखाची सूट घेतली, तरी त्याला ९६,२०० रुपये भरावे लागतात. घरभाड्याचे म्हणाल, तर सातव्या वेतन आयोगाच्या दराने मुंबईकराला मूळ पगाराच्या ३० टक्के भत्ता आणि आम्हा कुंभकोणमवाल्यांना १० टक्के. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला तोही नाही. मग सूट कशावर मागणार? ज्यांचा पगार याहून जास्त आहे आणि गृहकर्जही मोठे आहे, त्यांनी मात्र दोन्ही हिशेब मांडावेत. जुनी पद्धत हवी असेल तर लेखा विभागाला तसे कळवा आणि विवरणपत्र मुदतीत भरा. मुदत चुकली की नवीच पद्धत लागू होते.

सरकारने फार उपकार केले असे मात्र कोणी समजू नये. पगारदारांची ही वजावट २००५ च्या अर्थसंकल्पाने काढूनच घेतली होती. २०१८ मध्ये ४० हजार म्हणून परत दिली, तेव्हा प्रवास भत्त्याची १९,२०० आणि औषधोपचाराची १५,००० ची सूट काढली. म्हणजे जादा मिळाले ५,८००! वर उपकर तीन टक्क्यांचा चार टक्के केला.

आमची खरी काळजी निराळी आहे. नव्या पद्धतीत भविष्य निर्वाह निधी, टपाल जीवन विमा, राष्ट्रीय बचत पत्रे यांत स्वतः भरलेल्या पैशाला सूट नाही. टपाल खिडकीवरचा आपला बंधू इतकी वर्षे हीच सूट सांगून बचत पत्रे खपवत आला. कुंभकोणम हे पैसा जपणारे गाव. १९०४ साली इथे कुंभकोणम बँक निघाली, तीच आजची सिटी युनियन बँक. अशा गावातही नवा भरती झालेला कामगार आता विचारतो, कर वाचत नाही तर विमा कशाला? त्याला समजावण्याचे काम शाखेचे आहे. सूट गेली तरी घरच्यांची गरज गेलेली नाही.

नव्या पद्धतीतही कामगाराच्या बचतीला सूट मिळावी आणि ठोक वजावट महागाई भत्त्यासारखी महागाईशी जोडावी, ही मागणी महासंघाने अर्थमंत्र्यांबरोबरच्या अर्थसंकल्पपूर्व बैठकीत लावून धरावी.