फाइल पाठवताना आवृत्तीही सांगा

मुंबईत मरोळ एमआयडीसीतल्या किंवा साकीनाक्याच्या गाळ्यात पत्रा कापायला द्यायचा, तर आता कागदावरचं ड्रॉइंग नेत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल जाते. आणि पुष्कळदा ती उघडतच नाही. डिझायनरकडे कोरलड्रॉ किंवा ऑटोकॅडची नवी आवृत्ती असते, प्लाझ्मा मशीनशेजारच्या संगणकावर जुनी. नव्या सॉफ्टवेअरला जुनी फाइल वाचता येते, जुन्याला नवी येत नाही. म्हणून दरवेळी महागडी नवी आवृत्ती घ्या, असं छोट्या कारखानदाराला सांगणं अन्यायाचं आहे. उपाय हाताशीच आहे: ऑटोडेस्कने १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आणलेलं डीएक्सएफ हे फाइल-स्वरूप. त्यातही १९९२च्या आर-१२ प्रकारात सेव्ह केलेली फाइल बहुतेक मशीनची सॉफ्टवेअरं घेतात. मात्र दोन पथ्यं पाळायलाच हवीत. या जुन्या प्रकारात आकडे इंचाचे की मिलिमीटरचे याची नोंद नसते. गल्लत झाली की १०० मिलिमीटरची पट्टी थेट २,५४० मिलिमीटरची होते. दुसरं, सोसायटीच्या फाटकावरचं मराठी नाव. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात आणि ‘श्री’च्या जागी भलतंच काही कापलं जातं. म्हणून अक्षरांचे आधीच कर्व्ह, म्हणजे नुसत्या रेषांचे आकार, करून घ्यावेत. फाइलसोबत आवृत्ती, मापाचं एकक आणि पत्र्याची जाडी सांगणारी एक ओळ लिहा. कापलेला पत्रा परत जोडून मिळत नाही, आणि त्या नुकसानीचा भार बहुतेक वेळा गाळेवाल्यावरच पडतो.