जिंकण्याच्या अटी आणि संशयाचा न्याय

राजा, मंत्री, चोर आणि शिपाई या चार चिठ्ठ्यांचा खेळ खेळला नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. राजा आणि मंत्री आपल्या चिठ्ठ्या उघड करतात. उरलेल्या दोघांपैकी चोर कोण, हे मंत्र्याने ओळखावयाचे असते. आकडे ठिकठिकाणी बदलतात. परंतु प्रचलित हिशेब असा, की राजाला 1000, मंत्र्याला 800, शिपायाला 500 आणि चोराला शून्य गुण. मंत्री चुकला तर त्याचे 800 गुण चोराकडे जातात. दोघांतून एक निवडावयाचा असल्याने मंत्र्याची यशाची शक्यता निम्मी. म्हणजे सरासरीने मंत्र्याच्या वाट्याला 400 आणि चोराच्या वाट्यालाही 400 गुण येतात. शिपायाला मात्र निकाल काहीही लागो, 500 गुण निश्चित! वस्तुतः जो निर्दोष आहे आणि ज्याच्यावर खोटा आळ येऊ शकतो, त्याला सत्य बाहेर येण्यात कवडीचाही रस नाही. लपणारा आणि शोधणारा या दोघांपेक्षा स्वस्थ बसणाराच फायद्यात राहतो.

लहान मुलांच्या खेळाची ही चिकित्सा कोणाला अनाठायी वाटेल. तथापि, ज्या खेळांत काहींची भूमिका गुप्त असते आणि इतरांनी ती तर्काने ओळखावयाची असते, अशा खेळांचा प्रसार गेल्या काही दशकांत फार झाला आहे. त्यांत न्याय कोठे राहतो, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील दिमित्री दाविदोव याने 1986 च्या सुमारास ‘माफिया’ नावाचा खेळ रचला. 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन याने त्याला नरवृकाच्या कथेचा साज चढविला. 2018 मध्ये निघालेला ‘अमंग अस’ हा संगणकावरील खेळ 2020 च्या टाळेबंदीत जगभर पसरला, तोही याच कुळातला.

‘माफिया’चे नियम थोडक्यात असे: गावात काही नागरिक आणि थोडे गुन्हेगार असतात. गुन्हेगार एकमेकांना ओळखतात. नागरिक कोणालाच ओळखत नाहीत. दिवसा सर्वांनी चर्चा करून बहुमताने एकाला संशयित ठरवून बाहेर काढावयाचे; रात्री गुन्हेगारांनी एका नागरिकाचा बळी घ्यावयाचा. सर्व गुन्हेगार बाहेर गेले तर नागरिक जिंकले. गुन्हेगारांची संख्या नागरिकांइतकी झाली तर गुन्हेगार जिंकले. ही बरोबरीची अट गुन्हेगारांना दिलेली सवलत नव्हे. संख्या समान झाली की त्यांच्याविरुद्ध बहुमत होऊच शकत नाही आणि येणारी रात्र तर त्यांचीच असते. अट केवळ वस्तुस्थिती मान्य करते.

आता या अटींचा हिशेब मांडून पाहावा. गुन्हेगार एकच आहे, खेळ दिवसापासून सुरू होतो आणि नागरिक निव्वळ अंदाजाने मत देतात, असे धरू. तिघांच्या खेळात नागरिकांना एकच संधी मिळते आणि यशाची शक्यता एक तृतीयांश असते. चौघांच्या खेळात एक नागरिक अधिक आहे, म्हणजे गावाचे बळ वाढले असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात यशाची शक्यता एक चतुर्थांशावर घसरते! कारण सरळ आहे. पहिला निर्णय चुकला की तिघे उरतात, रात्री एकाचा बळी जातो आणि लागलीच बरोबरी होते. वाढलेल्या नागरिकाने संधी वाढविली नाही, संशयितांची गर्दी मात्र वाढविली. पाच जणांत नागरिकांच्या यशाची शक्यता सुमारे 47 टक्के, सहा जणांत साडेसदतीस टक्के आणि सात जणांत सुमारे 54 टक्के येते. सम संख्येला गाव दुबळे आणि विषम संख्येला सबळ, असा हा विलक्षण प्रकार आहे.

या विसंगतीवर उपाय कोणता? बहुतेकांना सुचेल तो असा, की नागरिकांच्या हाती आणखी एखादे शस्त्र द्यावे. परंतु त्याहून साधा उपाय उपलब्ध आहे. ‘आज कोणालाही बाहेर काढू नये’ असे मत देण्याची मुभा नागरिकांना असावी. चौघांच्या गावाने तो दिवस निर्णयावाचून सोडला, तर रात्रीनंतर तिघे उरतात आणि यशाची शक्यता एक चतुर्थांशावरून एक तृतीयांशावर जाते. सहांच्या गावाने तसे केले, तर ती साडेसदतीसवरून 47 टक्क्यांवर येते. एका नागरिकाचा बळी गेलेला असूनही गावाचा लाभ होतो, कारण त्या गावाने पुराव्यावाचून आणखी एका निर्दोषाला आपल्याच हाताने दूर केलेले नसते.

संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, हे न्यायशास्त्रातील तत्त्व आपण सहसा दयेच्या खात्यावर मांडतो. येथे अंकगणित असे दाखविते, की तो समाजाच्या रोकड्या हिताचाही भाग असू शकतो. अर्थात याचा अर्थ निर्णय टाळणे नेहमीच शहाणपणाचे असते, असा नव्हे. तिघेच उरले असता जे गाव स्वस्थ बसेल ते रात्रीतून हरेल. रोज प्रकरण पुढे ढकलणारे गाव एकेक माणूस गमावीत शेवटी बरोबरीलाच येऊन पोहोचते. घाई आणि दिरंगाई या दोहोंची किंमत मोजावी लागते. कोणत्या दिवशी कोणती किंमत अधिक, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मात्र नियमांनी हिरावून घेऊ नये.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या तिघा अभ्यासकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखविले, की गावात गुप्तहेर नसेल तर समतोलासाठी गुन्हेगारांची संख्या लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असावी लागते. म्हणजे गाव चौपट झाले तर गुन्हेगार दुप्पटच करावेत. रोज रात्री एकाची खरी ओळख तपासू शकणारा गुप्तहेर असेल, तर मात्र गुन्हेगारांना लोकसंख्येचा ठराविक हिस्सा देऊनही समतोल साधतो. माहिती हीच सत्ता आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

परंतु शक्यता निम्मी-निम्मी झाली म्हणजे न्याय झाला, असे समजणे चूक ठरेल. नाणेफेकीतही शक्यता निम्मीच असते, आणि तीत कोणाच्या विचाराला काडीचे मोल नसते. न्याय्य अटीची खरी कसोटी अशी, की ज्याच्याकडून जे काम अपेक्षित आहे, त्यातच त्याचे हित असावे. अशा व्यवस्थांच्या आखणीचा सैद्धान्तिक पाया घातल्याबद्दल हर्विच, मस्किन आणि मायरसन यांना 2007 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चिठ्ठ्यांच्या खेळातील शिपाई या कसोटीला उतरत नाही. उलट ‘माफिया’त आधीच बळी गेलेला नागरिकही आपल्या पक्षाबरोबर विजयी ठरतो, म्हणून पक्षासाठी स्वतःला धोक्यात घालण्यात अर्थ राहतो. डॉन एस्क्रिज याने 2009 मध्ये रचलेल्या ‘द रेझिस्टन्स’मध्ये तर कोणालाच बाहेर काढले जात नाही. पाचांपैकी तीन मोहिमा कोण सफल वा विफल करतो यावर जय ठरतो, आणि प्रत्येक जण अखेरपर्यंत खेळात राहतो.

हे शेवटी खेळच आहेत, असा आक्षेप घेतला जाईल. पण शाळा-महाविद्यालयांच्या शिबिरांत हे खेळ खेळले जातात, तेव्हा पहिल्या फेरीत बाहेर कोण जातो? पुष्कळदा जो अबोल आहे, जो अडखळत बोलतो किंवा जो वर्गात नवा आला आहे, तोच. पुरावा नसतो; पण कोणाला तरी काढलेच पाहिजे असा नियम असतो, आणि मोठ्याने बोलणाऱ्याचे बोट जिकडे वळते तिकडे हात वर होतात. तो मुलगा निर्दोष होता हे कळल्यावर सारे हसतात आणि पुढची फेरी सुरू होते. संशय फुकट असतो, हा धडा त्या तासात कोणी न शिकविता शिकला जातो.

खेळ बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. अट बदलणे हा आहे. एका गुन्हेगाराला पाच किंवा सात जण असावेत, बाहेर गेलेल्यांचाही विजयात वाटा असावा, आणि प्रत्येक मतदानापूर्वी ‘कोणीही नाही’ हा पर्याय शिक्षकाने मोठ्याने उच्चारून दाखवावा. पुरावा नाही म्हणून हात खाली ठेवणे ही भीरुता नसून कधीकधी तोच जिंकण्याचा मार्ग असतो, हे ज्या मुलांना खेळता खेळता उमगेल, ती पुढे एखाद्या चौकशी समितीत किंवा चावडीवर बसतील तेव्हा हात वर करण्यापूर्वी क्षणभर थांबतील.