हात न जोडणारा कारागीर



गेल्या महिन्यात एका विवाहाच्या निमित्ताने आम्हांस सुरतेस जाणे घडले. तेथून आमच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबास भेटण्यासाठी आम्ही नवागामास गेलो. उधन्याच्या पलीकडे, डिंडोलीला लागून असलेली ही वस्ती. नावात गाव राहिले आहे, बाकी सारे शहरात बुडून गेले आहे. मात्र रिक्षातून उतरताच कानी मराठी व अहिराणी पडते, कारण जळगाव, धुळे व नंदुरबारकडील कुटुंबे लूमच्या व साडीच्या कामासाठी येथे येऊन पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली आहेत.

आमच्या यजमानांचे भरतकामाच्या यंत्रांचे लहानसे खाते आहे. (सुरतेत कारखान्यास खाते म्हणतात. आम्ही प्रथम बँकेचे समजलो व सारे घर हसले.) सात-आठ कारागीर आहेत आणि भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी यजमान मेणबत्ती लावून प्रभूची प्रार्थना म्हणतात. कारागीर हिंदू आहेत, तथापि शेठची प्रार्थना म्हणून तेही हात जोडून उभे राहतात. दसऱ्यास हेच कारागीर यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, तेव्हा शेठ बाजूस उभे राहून पेढा घेतात. येथवर सर्व सुरळीत होते.

अडचण एका तरुणाची होती. तो धुळ्याकडचा, कामात सर्वांत तरबेज, परंतु देव न मानणारा. सकाळी प्रार्थनेस हात जोडत नाही आणि दसऱ्यासही जोडत नाही. त्या वेळी तो दाराशी उभा राहतो. जुना मास्तर गावी परतला तेव्हा ती जागा या तरुणास मिळेल असे सर्वांनी धरले होते. यजमानांनी ती दुसऱ्यास दिली आणि आम्हांस विचारले, “फादर, जो देवाला भीत नाही त्याच्या हाती खाते कसे सोपवावे? मी चुकलो का?”

आम्ही उत्तर देण्याआधीच स्वयंपाकघरातून त्यांची पत्नी म्हणाली, “फादर, सासूबाईंना मध्यरात्री इस्पितळात न्यायचे होते, तेव्हा हाक मारल्याबरोबर कोण आला, तेही यांना विचारा.” यजमान गप्प राहिले.

संध्याकाळी त्या तरुणाशी आमची गाठ पडली. तो अदबीने बोलला. “फादर, तुमच्या देवावर माझा राग नाही. पण मनात नसताना हात जोडले तर ते खोटे बोलल्यासारखे होते.”

वाचकहो, आमच्या सेमिनरीत आठव्या आज्ञेवर पुष्कळ शिकवले गेले. खोटी साक्ष देऊ नये, ही ती आज्ञा. परंतु एक नास्तिक ती आज्ञा पाळतो आहे आणि एक श्रद्धावंत शेठ त्याला ती मोडावयास लावतो आहे, असा पाठ आम्हांस कोणी दिला नव्हता. जो मनापासून प्रार्थना करीत नाही त्याचे जोडलेले हात देवाला काय उपयोगाचे? ते शेठला उपयोगी पडतात, एवढेच. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन पुत्रांचा दाखला आपण जाणतो. एकाने बापाला तोंडावर नाही म्हटले, पण मळ्यात कामास गेला. दुसऱ्याने होकार दिला, पण गेला नाही. मध्यरात्री इस्पितळात कोण आला, हा त्या बाईंचा प्रश्न या दाखल्यापासून फार दूर नाही.

कायद्याची बाजूही यजमानांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटले. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याचे नाकारले. ही शिस्तभंगाची गोष्ट मानून त्यास वरची वेतनश्रेणी देण्यात आली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ साली न्यायालयाने ठरविले की हात जोडण्याची सक्ती करणे म्हणजे घटनेने दिलेल्या मूलभूत हक्काचा भंग होय. त्याच वर्षी जानेवारीत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एका ख्रिस्ती स्त्रीच्या बाजूने निकाल दिला. तिला विमान कंपनीने कामावर असताना गळ्यातील क्रूस दिसू देण्यास मना केले होते. क्रूस घालणारी ती बाई आणि हात न जोडणारा तो शिक्षक हे एकाच हक्काच्या आश्रयास उभे आहेत. दुसरा निकाल वाचून आनंद मानावयाचा आणि पहिला वाचून कपाळास आठी घालावयाची, हे आपणांस शोभणार नाही.

केरळातील तीन मुलांचीही आठवण होते. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, हे त्यातून दिसते. आपल्यापैकी जे गिरणीत वा कचेरीत काम करतात त्यांनाही हेच लागू. सत्यनारायणाची पूजा असेल तर आदराने उभे राहावे, जागा झाडून द्यावी लागली तर द्यावी. नारळ वाढविण्यास कोणी बोलावले तर नम्रपणे नाही म्हणावे. वर्गणी स्वखुशीची असते. न विचारता ती पगारातून कापली जात असेल तर विचारणा करण्यात गैर नाही. (प्रसादाविषयी अनेकांची पत्रे आली आहेत, त्यावर पुढे कधीतरी.)

महात्माजींची एक गोष्ट आम्ही त्या रात्री यजमानांस सांगितली. आंध्रातील प्राध्यापक गोरा हे उघड नास्तिक होते व त्यापायी त्यांची नोकरीही गेली होती. सकाळ-सायंकाळ प्रार्थना चालणाऱ्या वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात महात्माजींनी त्यांना आपुलकीने वागविले. गोरांच्या कन्येचा विवाह एका हरिजन तरुणाशी ठरला, तेव्हा तो आश्रमात लावून देण्याचे महात्माजींनी कबूल केले, आणि विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेण्यासही ते तयार झाले. १९४८ साली तो विवाह सेवाग्रामास झाला, परंतु महात्माजी तेव्हा हयात नव्हते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. एकात धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये असे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्यात नास्तिकतेचा विचार करताना परिषदेने कबूल केले आहे की तिच्या वाढीत श्रद्धावंतांच्या उणिवांचाही वाटा असतो. हे वाक्य आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते.

पाठ केले होते म्हणतो, कारण पुढे एका शाळेची व्यवस्था आमच्याकडे आली, तेव्हा ते आम्हांस आठवले नाही. तेथे गणिताचे एक शिक्षक होते. सकाळच्या प्रार्थनेस ते हात पाठीमागे बांधून उभे राहत. वर्गात मात्र एकही तास चुकवीत नसत. त्यांच्या वार्षिक अहवालात ‘संस्थेच्या वातावरणाशी समरस होत नाहीत’ असा शेरा आम्ही स्वहस्ते लिहिला. त्याचे काय परिणाम झाले याची चौकशी आम्ही केली नाही. नाशिकचा निकाल वर्तमानपत्रात वाचला तेव्हा तो शेरा डोळ्यांपुढे आला, आणि आम्ही वर्तमानपत्र मिटले.

नवागामच्या घरात हे सांगताना आमचा आवाज पडला होता. यजमान काही बोलले नाहीत. निघतेवेळी त्यांनी एवढेच कळविले की यापुढे प्रार्थना पाळीच्या पंधरा मिनिटे आधी होईल. ज्यास यावयाचे त्याने यावे आणि घंटेनंतर सर्वांचे काम एकच. मास्तरच्या जागेविषयी मात्र ते म्हणाले, “दिलेला शब्द नव्या माणसाकडून कसा परत घेऊ, फादर?” तीही अडचण खरीच आहे. दिवाळीनंतर दुसरी पाळी सुरू करावयाची आहे, तेव्हा पाहू म्हणाले. त्यांच्या पत्नीने ‘पाहू’ हा शब्द तेथेच पकडून ठेवला आहे, म्हणून आम्ही फारशी चिंता करीत नाही.

गणिताच्या त्या शिक्षकांचा पत्ता आम्ही जुन्या सहकाऱ्याकडून मिळविला. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहतात. गेल्या सोमवारी त्यांना पत्र टाकले. हा मजकूर छापावयास देईपर्यंत उत्तर आलेले नाही.