विरजण दुधातच शोभते

'चांगले जंतू' हा शब्द हल्ली आपल्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. आमच्या प्रतापनगरात औषधाच्या दुकानात पोट बिघडल्याचे नुसते सांगितले, तरी अशा जंतूंची कुपी चिठ्ठीवाचून हाती पडते. वर आश्वासन असते, "यात अपाय काहीच नाही!"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. पण घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून औषधाच्या वेष्टनावरचे इंग्रजी वाचण्याचे काम माझ्याकडे असते. आजीवर केमोथेरपी चालू आहे. अशीच एक कुपी पुढे करून आईने विचारले, "हे आजीला चालेल ना गं?" डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "सध्या नको." 'चांगले' या एका शब्दात आईच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

या जंतूंचे गुण मोठे आहेत, यात शंका नाही. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगात त्यांच्यामुळे गंभीर जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु आतड्यातला हा पाहुणा रक्तात शिरला तर? बोस्टनच्या बालरुग्णालयात अतिदक्षता विभागातील ५२२ रुग्णांना लॅक्टोबॅसिलस जंतू दिले गेले. त्यांपैकी ६ जणांच्या रक्तात तेच जंतू सापडले, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जंतू देण्याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला. त्यामागे एका बालकाचा मृत्यू होता.

धडधाकट माणसाच्या बाबतीत असे फार क्वचित घडते. तरी तुरळक उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आतड्याचे अस्तर हा आपला बांध. तो खचला, प्रतिकारशक्ती ढासळली किंवा शिरेतल्या नळीला जंतू लागले, की मित्राचा शत्रू होण्यास वेळ लागत नाही.

म्हणून कोणी ताकाचा पेला खाली ठेवावा, असे मी म्हणत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ते पाप मी कशाला करू? माझे म्हणणे एवढेच, की कुपी देण्यापूर्वी दुकानदाराने "कोणासाठी हवी?" हे विचारावे आणि वेष्टनावरची सूचना मराठीतही असावी. प्रत्येक घरात इंग्रजी वाचणारी मुलगी असतेच असे नाही. जंतू चांगला की वाईट, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. तो कुठे आहे आणि कोणाच्या शरीरात आहे, यावरून ठरते.