सायकल घ्यायचीय? आधी मडगार्ड बघा

जूनचा पाऊस सुरू झाला की मेढ्यात एक दृश्य हमखास दिसतं. नवीकोरी गिअरची सायकल, तिच्यावर एक पोरगा आणि त्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. काही वर्षांपूर्वी तो पोरगा मी होतो.

सायकलीला 21 गिअर, पुढं-मागं सस्पेन्शन, खोल खाचांचे जाड टायर. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, लाइट नाही. गिरणीतून दळण आणायचं तर पिशवी हँडलला अडकवायची आणि गुडघ्याला आपटत घरी यायचं. दोन महिन्यांत सायकल गच्चीवर गेली, मी बाइकवर आलो. घरच्यांचा निकाल: पोराची हौस फिटली.

हौस फिटली नव्हती. सायकलच चुकीची होती.

आपल्याला रोजच्या वापराची म्हणून जी विकतात, ती असते डोंगरातल्या पायवाटांवर मजा करायच्या सायकलीची स्वस्त नक्कल. तिच्या सस्पेन्शनमध्ये साधी जाड स्प्रिंग असते. केळघरच्या चढाला उभं राहून पायडल मारलं की निम्मा जीव ती स्प्रिंग दाबण्यातच जातो. खाचांचे टायर डांबरावर नुसते घरघरतात. आणि 21 पैकी मी वापरायचो चारच गिअर.

याच्या उलट दुसरी टोळी आठवणी काढणाऱ्यांची. 3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तेव्हा यांचे गळे दाटून आले. ‘आमच्या वेळची काळी सायकल!’ मान्य. मडगार्ड, कॅरिअर, दणकट स्टँड, पँट वाचवणारं चेनकव्हर, सगळं तिच्यात होतं. दूधवाले तिच्यावर दोन्ही बाजूंना किटल्या लावून फिरले ते उगाच नाही.

पण जरा हिशेब करा. पुढं 44 दाते आणि मागं 18 असतील, तर पायडलच्या एका फेरीत ती सायकल साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. सपाटीला झकास. आमच्याकडच्या चढाला? उतरा आणि ढकला. वर ते सळईचे ब्रेक. स्टीलची रिम भिजली की ते आवळूनही सायकल थांबता थांबत नाही. वेण्णेच्या खोऱ्यातल्या पावसात आठवणींवर ब्रेक लागत नाहीत.

म्हणून दुकानात गिअर मोजत बसू नका. पुढं एकच चक्र घ्या, 36 दात्यांच्या आसपासचं. मागं सात, त्यातलं सगळ्यात मोठं 34 दात्यांचं. मग चढाला एका फेरीत दोन-सव्वादोन मीटरच जावं लागतं आणि दम टिकतो. पुढचा फोर्क साधा, बिनस्प्रिंगचा. टायर दीड-पावणेदोन इंची, कमी खाचांचे. पाऊस जास्त असेल तर डिस्क ब्रेक जरूर घ्या. तिथं ती चैन नाही. मडगार्ड चाकाला पुरतं झाकणारं हवं. कॅरिअर, स्टँड, लाइट, कुलूप यांचे पैसे आधीच बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत सायकल शोधा. दुकानदार हसेल. हसू द्या.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. 2006 मध्ये बिहार सरकारनं नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा हायस्कूलमधल्या मुली वाढल्या. त्या पोरींना दप्तर घेऊन रोज वेळेवर पोचवणारी सायकल हवी होती, घाटात उड्या मारणारी नव्हे. आपण मात्र पोरांच्या हाती भलतीच सायकल देतो, ती गच्चीवर गंजते आणि मग म्हणतो, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.

माझ्या आताच्या सायकलीचा फोटो काढावा असं कुणाला वाटत नाही. पण भर जुलैत पाच किलो दळण कॅरिअरवर बांधून मी घरी येतो, तेव्हा शर्टाची पाठ स्वच्छ असते.