दोघांचं रक्त, एकटीवर ठपका



"हिच्या रक्तातच खोट आहे," असं सुनेबद्दल सांगणाऱ्या सासवा मला गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत बैठका घेताना अनेकदा भेटल्या. मी प्रत्येकीला विचारते, "मुलाचं रक्त तपासलं का?" उत्तर ठरलेलं, "त्याला काय धाड भरलीय?"

म्हणून सिकलसेल म्हणजे काय, हे आधी आपणच समजून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. त्यातल्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी फक्त सहावा दुवा बदलतो. मग प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं. गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच म्हातारी होऊन मरते. मग अंगात रक्त टिकणार कसं? रोवणीच्या वेळी गार पाण्यातून उठून बांधावर बसणारी अशी बाई कामचुकार नसते.

हा आजार होण्यासाठी आई आणि बाप, दोघांकडूनही दोष यावा लागतो. दोघं वाहक असतील, तर दर गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. एकटी आई हा आजार देऊच शकत नाही! आणि वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. उलट वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या मुलखात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला. यात पाप कुणाचं?

२०२३ साली केंद्र सरकारनं २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि कार्डं द्यायची. तपासणी हवीच. पण सोयरीक जुळवताना मुलीचं कार्ड मागतात, मुलाचं कुणी मागत नाही. वाहक मुलीचं लग्न मोडतं, वाहक मुलगा मिरवत बोहल्यावर चढतो. निर्मूलन आजाराचं करायचंय की मुलींच्या आयुष्याचं?

आपल्या मागण्या साध्या आहेत. पुरुषांची तपासणी तितक्याच नेटानं करा. अहवाल जिचा तिच्याच हातात द्या, तो चावडीवर नको. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात कायम ठेवा. आजारी बाईच्या गरोदरपणात वेळेवर रक्त आणि गाडी मिळालीच पाहिजे.

तोवर पुढच्या बैठकीत आपण हाच प्रश्न विचारत राहू : मुलाचं रक्त तपासलं का?