माउस बदलताय? आधी हाताला विचारा, मग किमतीला



नवीन दुकान टाकणारा माणूस भाडं, डिपॉझिट, फर्निचर, बोर्ड, प्रिंटर सगळ्याचा हिशोब पै-पैशापर्यंत करतो. पण दिवसभर हातात जी वस्तू राहणार, त्या माउसचं काय? "टाका हो त्यात एक साधा, कुठलाही चालेल." आणि तो बिघडला की शेजारच्या दुकानात जो सगळ्यात स्वस्त असेल तो उचलायचा.

माझं मत याच्या उलट आहे. शिंपी स्वतःची कात्री दुसऱ्याला निवडू देत नाही. डीटीपी, फ्लेक्स, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, बिलिंग यातलं काहीही करत असाल, तर माउस ही तुमची कात्री आहे. ती किमतीवरून नाही, हातावरून निवडायची.

आधी हिशोब करू

समजा दिवसाला १२० बिलं होतात. क्लिक नीट लागत नाही म्हणून प्रत्येक बिलाला १५ सेकंद जास्त जातात. म्हणजे रोज अर्धा तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ तास! शे-दोनशे रुपये वाचवायला एवढा वेळ द्यायचा का? शिवाय समोर रांगेत उभा असलेला कस्टमर माउसला नाही, दुकानाला नावं ठेवतो.

खरंच माउस गेलाय का?

नवीन घेण्याआधी दोन मिनिटं तपासा. एकदा क्लिक केलं आणि दोनदा लागलं, किंवा फाइल ओढताना मध्येच सुटली, तर बहुतेक वेळा आतला स्विच झिजलेला असतो. तिथे बदलणंच बरं.

पण पॉइंटर उड्या मारत असेल तर आधी काउंटर बघा. आपल्याकडे अर्ध्या दुकानांत काउंटरला वरून काच असते. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सतत फोटो काढून किती हललो ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला काही दिसतच नाही. एक पॅड टाका, प्रश्न मिटतो.

वायरलेस माउस अडखळतोय? त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टला किंवा हार्ड डिस्कच्या अगदी शेजारी लावलेला असेल तर सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. दुसऱ्या पोर्टला लावून बघा. सेल तर बदलाच.

नवा माउस "वाईट" का वाटतो?

तो वाईट नसतो, वेगळा असतो. जुना १००० डीपीआयचा आणि नवा १६०० चा असेल, तर हात तेवढाच हलवूनही पॉइंटर १.६ पट पळतो. म्हणून बटणाच्या पुढे जाऊन परत मागे यावं लागतं. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये जा, पॉइंटर स्पीड एक-दोन घरं कमी करा. तिथेच 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची खूण असते. ती चालू असेल तर हात जोरात हलवल्यावर पॉइंटर जास्त लांब जातो. डिझाइनचं काम करणाऱ्यांनी ती काढून बघावी, हाताचा अंदाज पक्का बसतो.

आणि माउस म्हणजे काही निसर्गनियम नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत माउस लोकांना दाखवला. ट्रॅकबॉल त्याच्याही आधीचा आहे. आपला हात माउसला सरावलाय तो शिकून. तो दुसरंही शिकेल, फक्त वेळ द्यायला हवा.

कोणाला काय?

बिलिंगवाल्यांनो, तुमचा खरा माउस कीबोर्ड आहे! टॅलीत विक्रीला एफ-८, खरेदीला एफ-९, एंट्री सेव्ह करायला कंट्रोल-ए. हात उचलून माउसकडे नेणं जितकं कमी, तितकं बिल लवकर.

काउंटरवर जागाच नसेल तर ट्रॅकबॉल. तो जागेवर राहतो, आपण फक्त गोळा फिरवायचा. किंमत जास्त आहे आणि पहिले काही दिवस चिडचिड होते.

फोटो रिटचिंग, अल्बम डिझाइन करत असाल तर पेन टॅबलेट. इथे एक गोष्ट समजून घ्या. माउस उचलून दुसरीकडे ठेवला तरी पॉइंटर जागेवरच राहतो. पेन टॅबलेटवर मात्र जिथे पेन, तिथेच पॉइंटर. हाताची पद्धतच बदलते, म्हणून पहिल्या दिवशी सगळे वैतागतात.

लॅपटॉपचा टचपॅड कस्टमरकडे जाऊन कोटेशन दाखवायला ठीक आहे. आठ तासांच्या डीटीपीला नाही.

ऑपरेटरचा हात

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माउस मालक विकत घेतो, पण वापरते बहुधा पगारावरची ताई किंवा दादा. मनगट दुखतं म्हटलं की "सवय होईल" असं उत्तर मिळतं. दुखण्याची सवय लावायची नसते! हाताच्या मापाचा माउस, टेबलाची योग्य उंची, मध्येमध्ये थोडी विश्रांती एवढं तरी मालकाने द्यायलाच हवं. काहींना व्हर्टिकल माउस बरा वाटतो, कारण हात शेकहँड केल्यासारखा उभा राहतो. पण तो औषध नाही. दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. डावखुऱ्या माणसासाठी सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल होते. विचारायचे कष्ट तरी घ्या.

म्हणून माझा नियम सरळ आहे: जो वापरणार, त्याने निवडायचा. तुम्ही फक्त बजेट सांगा.

"सर, तीनशेच्या वस्तूवर एवढा विचार?"

हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. माझं उत्तर असं: मशीन बदलताना खर्च फक्त किमतीचा नसतो, माणूस सरावेपर्यंतच्या वेळेचाही असतो. हे माउसवर शिकलात, तर उद्या लाखाचा प्रिंटर किंवा नवीन बिलिंग सॉफ्टवेअर घेताना उपयोगी पडेल.

या आठवड्याचं काम

१. ऑपरेटरला विचारा: हात दुखतो का, क्लिक अडतं का?

२. बदलायचाच असेल तर लगीनसराई, दिवाळी किंवा जूनची शाळांची गर्दी टाळा. मंदीचा आठवडा निवडा.

३. पहिला आठवडा जुना माउसही लावून ठेवा. विंडोजवर दोन्ही एकाच वेळी चालतात. घाईचं काम जुन्यावर, बाकीचं नव्यावर.

४. हाताला बसलेलं मॉडेल सापडलं की तसाच एक जास्तीचा घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवा. ऐन गर्दीत धावपळ नको.

चला तर मग, आज दुकान बंद करण्याआधी पहिल्या नंबरचं काम उरकून टाका. पाच मिनिटंही लागणार नाहीत!